पहिला सण फडात

पहिला दिवाळसण सासुरवाडीला, ही रीत धावडा गावातही आहे आणि साऱ्या भोकरदन तालुक्यात आहे. पण जालना जिल्ह्यातली जी जोडपी ऊसतोडीची उचल घेतात, त्यांतला जावई दिवाळीला पश्चिम महाराष्ट्रात असतो. बायकोसकट. मुक्काम पाचटाच्या कोपीत. हवा खेळती, चारी बाजूंनी.

हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. अर्धनारीनटेश्वराची इतकी मनोभावे उपासना दुसऱ्या धंद्यात नाही. जोडीदार नसलेला 'अर्धा कोयता'. लग्नाची घाई उगाच होत नाही, मग पोरीचं वय अठरा भरो न भरो.

सणाची सुट्टी? घ्या की! तिला खाडा म्हणतात, दंड उचलीत चढतो.

धर्मकार्यात मात्र उणं काही नाही. कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन कुणा संचालकाच्या हस्ते, सपत्नीक होतं. फडातला गडीही सपत्नीकच असतो, पहाटेपासून. फोटोवाला तेवढा तिकडे फिरकत नाही.

बारसंसुद्धा कोपीतच. आत्या गावाकडे, म्हणून शेजारच्या कोपीतली बाई बाळाच्या कानात कुर्रर्र करते. तेही चटकन, ट्रॅक्टर भरायचा राहिलाय.