आप्पांचं आर्थिक पंचांग

जळगावच्या सराफ बाजारातून चालताना ज्यांचा हात दर दहा पावलांनी बंडीच्या आतल्या खिशाकडे जातो, ते आप्पा. गल्लीत एक तरी असतातच. मूळ गाव एरंडोलकडचं, कापसाची थोडी शेती, शहरात दोन मजली घर आणि वडिलांकडून आलेल्या तीन गोष्टी: तिजोरी, तिची किल्ली आणि ती न उघडण्याची कारणं.

शुक्रवार लक्ष्मीचा, म्हणून पैसा बाहेर जात नाही. मंगळवारी कर्ज घ्यायचं नाही, बुधवारी द्यायचं नाही, अमावस्येला किल्लीला हात लावायचा नाही. उरलेल्या दिवशी संध्याकाळ होतेच. उसने मागणारा दिवसभर लाजतो आणि नेमका दिवेलागणीला उंबऱ्यावर पोचतो. आप्पा हात जोडतात, "दिवा लागना रे भो, आते लक्ष्मी बाहेर जास का?" नकार देवीच्या नावावर जातो, संबंध शाबूत राहतात. जिथे प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणी ना कुणी लागतो, तिथे या समजुती भक्तीपेक्षा याच सोयीने टिकल्या असं माझं स्पष्ट मत आहे.

धुळ्याच्या व्याह्यांपुढे मात्र त्या चालत नाहीत. व्याही पंचांग पाहून निघतात आणि सोमवारी सकाळी दहाला दारात उभे राहतात. मंगळवारी कर्ज फेडलं की पुन्हा होत नाही, ही त्यांच्या घराण्याची समजूत. आप्पांचे पैसेही ते मंगळवारीच देणार आहेत. कोणत्या, ते ठरायचंय.

2023 साल आप्पांना विशेष जड गेलं. आदल्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता, म्हणून त्यांनी आणि खान्देशातल्या अनेकांनी माल घरातच ठेवला. साठवलेल्या कापसाने घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. आप्पांचा नेमका उजवा तळहात खाजला, तेव्हा पैसा येणार हे नक्की झालं. भाव उतरत गेला, खाज राहिली.

त्यात पीककर्ज. तीन लाखांपर्यंतचं मुदतीत भरलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, आणि मुदत 31 मार्चची. तीस तारखेला रामनवमी, बँक बंद. एकतीसला सोसायटीतून फोन आला, तर आप्पा म्हणाले, "शुक्रवार आहे." उसनवारीला नाही म्हणायला केलेला नियम सोसायटीलाही लागू झाला. शनिवारी ते हार घातलेली पिशवी घेऊन निघाले, तोवर थकबाकीदार झाले होते. सवलत गेली, व्याज लागलं. रक्तदाबाची गोळी तेव्हापासूनची. डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळचा असल्याने फी त्यांच्या पत्नी, आक्का, भरतात.

सरकार पंचांग बघत नाही, हे दुःख जुनंच. 8 नोव्हेंबर 2016, पाचशे-हजारच्या नोटा गेल्या तो मंगळवार, तोही रात्री आठला. "दिवे लागल्यावर पैशाचं बोलले, दुसरं काय होणार?" दोन हजारची नोट मागे घ्यायचं जाहीर झालं 19 मे 2023 ला. शुक्रवार, संध्याकाळ, वर अमावस्या. आप्पांच्या नोटा तसबिरीमागे होत्या, कधीच न मोजलेल्या, कारण मोजलं की कमी होतात. बदलून मिळणं सुरू झालं 23 मेला, मंगळवारी. मग चांगला दिवस शोधता शोधता अधिक श्रावण आला, सप्टेंबर संपताना पितृपक्ष लागला. नोटा आक्का जूनमध्येच बदलून आल्या होत्या. आप्पांनी तसबिरीमागे पाहिलंच नव्हतं.

खरं सांगायचं तर एका बाबतीत आप्पा सगळ्यांना पुरून उरले. दर गुरुपुष्याला गुंजभर का होईना, सोनं. म्युच्युअल फंडवाला भाचा घडणावळ आणि तीन टक्के जीएसटीचा हिशोब मांडून हसायचा. 2016 ला तोळा तीस हजारांच्या आसपास होता, 2025 मध्ये लाखावर गेला. भाचा हसायचा थांबला आणि म्हणाला, "मामा, थोडं विका, कर्ज मिटवा."

"घ्यायचा मुहूर्त आहे. विकायचा कुठल्या पंचांगात दिलाय, दाखव."

भाच्याने धुळ्याला फोन लावला. व्याही म्हणाले, "आहे ना एक. सोमवारी दहाला येतोच."