डोळे मिटून टीव्ही बघणारे काका

कुणाच्या घरी नवा टीव्ही आला की बघायला आलेली मंडळी समोर बसतात. आमचे काका मागे जातात. भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या बोटभर फटीत ते मोबाइलचा टॉर्च मारतात, एक डोळा मिटून आत बघतात आणि विचारतात, "यात बोलणारा बसवलाय कुठं?" घरमालक तोवर पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा असतो. पंचावन्न इंच, फोर के, हप्ता किती, सवलत किती हे त्याचं सांगून झालेलं असतं. काका कोपराची धूळ झटकतात, पेढा उचलतात आणि निकाल देतात, "चित्र झकास. आवाज नाही."

असे काका प्रत्येक कुटुंबात एक तरी असतात. कुणाला ते मामा म्हणून मिळतात, कुणाला सासरे म्हणून. 'आमच्या वेळी' म्हणत उसासे टाकणाऱ्यांतले मात्र ते नव्हेत. जुन्या टीव्हीचं चित्र भयंकर होतं हे ते स्वतःहून सांगतात. सिंहगडावरच्या टॉवरच्या दिशेनं अँटेना फिरवत ते गच्चीवर उभे असायचे आणि काकू खालून ओरडायच्या, "आलं, आलं... गेलं!" पडद्यावर निम्म्या मुंग्या आणि निम्मे बातम्या देणारे प्रदीप भिडे. "पण मुंग्यांतूनही भिडे काय म्हणतायत ते शब्दन् शब्द कळायचं," काका म्हणतात. "आता निवेदकाच्या कोटाची वीण दिसते. राजीनामा कुणी दिला तेवढं कळत नाही."

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. लोकांनी १९८ फिरवून तक्रार नोंदवायची आणि काकांनी लाइनवर कान लावून खरखर कुठली, वारा कुठला आणि शेजारच्या लाइनवरची गुजराती बाई कुठली हे ओळखायचं, यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे आवाजाबद्दल ते बोलतात तेव्हा खात्याच्या वतीनं बोलतात. "तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ!" हे त्यांचं आवडतं वाक्य. टेलिफोनच्या तारेतून माणसाच्या आवाजाची फक्त तेवढीच पट्टी जायची. "तेवढ्यात आम्ही लोकांची लग्नं जमवली, बारशी कळवली. आणि यांना एवढ्या मोठ्या टीव्हीतून एक 'सुप्रभात' धड पोचवता येत नाही." फार तर 'स' आणि 'फ'चा घोटाळा व्हायचा, हे ते प्रामाणिकपणे कबूल करतात. पण त्यावर 'फणसातला फ' असं सांगायची सोय होती. मालिकेतल्या सुनेला तसं कोण विचारणार?

टीव्ही चपटा झाल्यानं नेमकं काय बिघडलं, हे समजावायला त्यांना आवडतं. ऐकणारा असो वा नसो. "मिरजेला जाऊन बघ," ते मला म्हणतात. "तंबोऱ्याला भोपळा कशाला लावतात? शोभेला? भोपळा लाटून पोळीएवढा पातळ केलास तर त्यातून षड्ज निघेल का?" खर्जाला हवा हलवावी लागते, हवेला पोकळी लागते, आणि पोकळी तर कंपनीनं काढून टाकली. राहिला वरचा, बारीक आवाज. तो सरळ रेषेत जातो, कोपऱ्यावरून वळत नाही. पूर्वी स्पीकरचं तोंड आपल्याकडे असायचं. आता कडा दिसायला नको म्हणून स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. "म्हणजे खालचा आवाज निघतच नाही आणि वरचा निघतो तो भिंतीशी बोलतो. आपण मधल्या मधे."

हे सगळं पटतं. अडचण एवढीच, की हे ते मालिका चालू असताना सांगतात.

काका-काकूंच्या घरात भांडण असं फारसं होत नाही. जे होतं ते आकड्यांत होतं. काकूंचा आकडा अठरा, काकांचा चौतीस. "अहो, अठरा!" "अगं, चौतीस!" पाहुण्याला वाटतं भाजीचा भाव चाललाय. इंग्रजी किंवा हिंदी चित्रपट लागला की काका रिमोट हातातून सोडत नाहीत, कारण नायक-नायिकेची कुजबुज चाळीसवर ऐकावी लागते आणि पुढच्याच क्षणी पूल उडतो. मग काका लगबगीनं आठवर येतात, तोवर समोरच्या फ्लॅटचं दार उघडलेलं असतं. दोष चित्रपटाचाही नाही. त्याचा आवाज थिएटरसाठी पाच-सहा दिशांत वाटलेला असतो, संवाद मधल्या स्पीकरच्या वाट्याला. घरी तो सगळा संसार दोन दहा-दहा वॅटच्या स्पीकरांत कोंबायचा म्हटल्यावर स्फोट दंडेली करून जागा पटकावतात, संवाद उभे राहतात. सेटिंगमध्ये जाऊन आवाज 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' केला तर थोडा फरक पडतो. काकांनी तो केलाय आणि सोसायटीत आणखी बऱ्याच घरांत न विचारता करून दिलाय.

जाहिरातींचं प्रकरण वेगळं. ते त्यांनी कायद्यानं लढायला घेतलंय. केबल टेलिव्हिजनच्या १९९४च्या नियमांत जाहिरात अवाजवी कर्कश नसावी असं कलम आहे. त्याची झेरॉक्स काकांच्या ड्रॉवरमध्ये असते आणि केबलवाला आला की ते ती त्याला मोठ्यानं वाचून दाखवतात. तो "हो काका" म्हणतो आणि यापुढं पैसे ऑनलाइन भरले तरी चालतील असं सुचवतो.

दसऱ्याच्या आधी त्यांच्याबरोबर टीव्हीच्या दुकानात जायचा योग आला. योग हा शब्द विचार करून वापरतोय. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच दृश्य: मध ओघळतोय, बर्फाचा कडा कोसळतोय, लाल-निळा पोपट पंख पसरतोय. काका रांगेवरून शांतपणे फिरले आणि विक्रेत्याला म्हणाले, "यात कुणी बोलतच नाही रे. पोपटसुद्धा!" मग म्हणाले, "बातम्या लाव." विक्रेता बिचारा भला मुलगा. त्यानं कुठूनशी वायर आणून बातम्या लावल्या, वरचं संगीत बंद करायला लावलं. काकांनी एक स्टूल ओढलं, सव्वा लाखाच्या टीव्हीसमोर बसले आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं तो मुलगा पाणी घेऊन आला आणि मला हळूच म्हणाला, "सर, यांना बरं वाटत नाहीये का?"

"किती वॅट?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"काका, वीस वॅट. आणि डॉल्बी आहे."

"डॉल्बी आत आलंय रे. बाहेर कुठून पडणार?"

काकू मागून घाबरून म्हणाल्या, "डॉल्बी नको हो, गणपतीत पुरे होतो."

टीव्ही घेतला. न घेऊन सांगतात कुणाला? जुन्याचा पॅनेल गेला होता आणि पॅनेलच्या किमतीत नवा टीव्ही येतो, हे दुरुस्तीवाल्यानंच सांगितलं होतं. नवा टीव्ही म्हणे स्मार्ट. म्हणजे सातच्या बातम्यांसाठी सातला पाच मिनिटं असताना लावला, तर तो आधी स्वतःला अद्ययावत करून घेतो. त्याच्या रिमोटवर आकडेच नाहीत. चार बाण, एक घर, एक माइक आणि काकूंनी कधीही न मागितलेल्या कंपन्यांची ठसठशीत बटणं. काकूंचा अंगठा हटकून तिथंच पडतो आणि मालिकेच्या जागी कोरियातला कुणी तरुण रडायला लागतो. आता टेबलावर दोन रिमोट असतात, दोन्ही मूळच्या प्लॅस्टिक पिशवीत, वर काकांच्या अक्षरात चिकटपट्ट्या: 'हा आधी' आणि 'हा नंतर'. टीव्ही बंद-चालूचं मुख्य बटण खाली, मधोमध, आतल्या बाजूला. ते काकांना चाचपून सापडलं तेव्हा त्यांनी मला फोन करून कळवलं.

माइकशी त्यांचा व्यवहार अदबीचा आहे. बटण दाबून ते म्हणाले, "जरा सह्याद्री लावता का?" टीव्हीनं क्षणभर विचार केला आणि सह्याद्रीच लावला. हरिश्चंद्रगड, कोकणकडा, ढग, ड्रोन. काका वाहिनीची वाट बघत राहिले. काकूंनी मात्र तो सगळा बघितला आणि "किती छान कार्यक्रम होता" म्हणाल्या.

बंगळुरूच्या मुलानं मग साउंडबार पाठवला. खरं तर उपाय हाच. पण साउंडबार टीव्हीसमोर ठेवला तर रिमोटचा डोळा झाकला जातो, आणि काकांना चॅनेल बदलायला कपाटावर हात टेकून उंच व्हावं लागतं. मागे एचडीएमआयचे तीन पोर्ट, त्यांतल्या एकाशेजारीच बारीक अक्षरांत 'एआरसी' लिहिलेलं, आणि सेटटॉप बॉक्स बसवणाऱ्यानं आपली वायर नेमकी त्यातच खुपसलेली. तो तिढा आम्ही फोनवरून सोडवला. ("काय दिसतंय?" "नो सिग्नल." "आता?" "अजून नो सिग्नल. पण आता निळ्यावर.") आवाज आला, मोठा आला, पण ओठांच्या मागून आला. निवेदिका तोंड मिटायची आणि मग बातमी ऐकू यायची. हे जुळवायचं सेटिंग असतं, मी सांगितलं. काका म्हणाले, "ट्रंक कॉलला असं व्हायचं. पण तेव्हा माणूस दिसत नसे."

तुमचे कान तपासून घ्या, हे त्यांना सांगायचं कुणी, यावर घरात बराच खल झाला. शेवटी ते आपण होऊन गेले आणि आलेख घेऊन आले. तो त्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरला आणि जुन्या सवयीनं वाचला: "लाइन दोन्ही चालू. वरच्या पट्टीत लॉस." वयानं वरची पट्टी आधी जाते. 'अ', 'ओ' असे दणकट स्वर शाबूत राहतात आणि 'स', 'श', 'थ' गळायला लागतात. म्हणून म्हाताऱ्या माणसांना ऐकू येतं पण कळत नाही, आणि आपण त्यांच्यावर ओरडतो तेव्हा नुसते स्वरच मोठे होतात. यंत्राची आताच गरज नाही, वर्षानं पुन्हा या, असं त्यांना सांगितलं गेलं. "म्हणजे दोष तुमच्यात निघाला," काकू म्हणाल्या. "निम्मा," काका म्हणाले. "चोर दोन आहेत. एकच पकडलाय."

माझं मत काकांच्या बाजूनं आहे. त्यांची विशीतली नात, जिला पलीकडच्या खोलीत चॉकलेटचा कागद उलगडलेला ऐकू येतो, तीही प्रत्येक मालिका खाली अक्षरं लावूनच बघते. तिच्या कानांचं काय वय झालंय?

दुसऱ्या चोराचा बंदोबस्त काकांनी स्वतः केला. माळ्यावर १९९६च्या क्रिकेट विश्वचषकासाठी घेतलेला एकवीस इंची टीव्ही होता, दोघांनी उचलायचा, दोन्ही बाजूंना समोर तोंड केलेले स्पीकर. तो त्यांनी उतरवला. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाऊन नव्या टीव्हीच्या ऑप्टिकलमधून साधा आवाज काढणारी एक डबी आणली, लाल आणि पांढरी वायर जुन्याच्या पाठीत खोचली आणि पिवळी लोंबकळत ठेवली. आता भिंतीवर नवा टीव्ही, त्याच्याखाली टेबलावर जुना, पडदा काळा, त्यावर काकूंनी भरतकामाचं कव्हर घातलंय. एक बघायला, एक ऐकायला. विजेचं बिल वाढेल असं काकू म्हणतात, आणि ते खरं आहे. पण दोघांचा आकडा आता बाविसावर मिटलाय. वरच्या मजल्यावरचे आजोबा आधी हसायला म्हणून आले. हल्ली ते रोज सातला बातम्यांना येतात.

तेव्हा यंदा दिवाळीत टीव्ही घ्यायला निघाला असाल, तर पोपटावर जाऊ नका. दुकानदाराला बातम्या लावायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. मागे 'ऑप्टिकल' किंवा हेडफोनचं भोक आहे का तेही बघा. काकांना बरोबर न्यायचं असेल तर ते आनंदानं येतील, पैसे घेणार नाहीत. फक्त दुकान बंद व्हायच्या निदान दोन तास आधी पोचा.