ऑप्शनल अण्णा

परभणीच्या मोंढ्यात अवजारांच्या दुकानाच्या पायरीवर अण्णांची चप्पल दिसली, की आतला एक नोकर दुसऱ्याला खुणावतो आणि चहा सांगायच्या निमित्तानं सटकतो. अण्णा आले म्हणजे दोन तास गेले. यंत्र त्यांना पाच मिनिटांत पसंत पडतं, किमतीवरूनही ते फारशी घासाघीस करत नाहीत. वेळ जातो तो खोक्यातून एकेक वस्तू बाहेर काढण्यात. “हे काय हाय? हे नाय घेतलं तर मशीन चालतंय का?” चालतंय म्हटलं की ती वस्तू काउंटरवर डावीकडं सरकते. “मग हे काढा, आन् तेवढे पैसे बी काढा.”

यामागं अण्णांचा एक सिद्धांत आहे. जी वस्तू खरंच लागते ती कंपनी यंत्राला जोडूनच देते. ट्रॅक्टरची चाकं कुणी वेगळी विकतं का? तेव्हा ज्याचे पैसे वेगळे मागतात, ते त्या कंपनीलाच मनापासून पटलेलं नसतं. एकदा एक दुकानदार कावून म्हणाला, “अण्णा, ते ऑप्शनल आहे. घ्यायचं तर घ्या, नाही तर राहू द्या.” त्या दिवसापासून अण्णांना त्यांचा शब्द मिळाला आणि गावाला अण्णांचं नाव.

दुचाकी विकतानाच कंपनीनं सोबत हेल्मेट द्यायचं असा केंद्राचा नियम आहे. अण्णांनी ते परत करून पैसे वजा करायला सांगितले. विक्रेता बधेना, म्हणून हेल्मेट घरी आलं, पण डोक्यावर काही चढलं नाही. ते डाव्या कोपरात अडकवलेलं असतं. अण्णांचं कोपर हे परभणी जिल्ह्यातलं सगळ्यात सुरक्षित कोपर असावं. साडी गार्ड मात्र त्यांनी आनंदानं ठेवून घेतला. मागं बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून ती जाळी असते. अण्णांनी तिला दुधाची किटली अडकवली. अण्णांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, मागं बसल्या की पदराला जाळी मोकळी पाहिजे, म्हणून त्या दिवशी किटली काकूंच्या मांडीवर.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-मजूर दगावले. त्यानंतर मास्क, चष्मा, हातमोजे यांचं बोलणं आमच्याकडंही सुरू झालं. अण्णांनी त्यातला चष्मा तेवढा घेतला. तो त्यांनी भाच्याच्या वरातीत घातला. फवारताना नाकाला आपलं उपरणं. मी म्हणालो, “अण्णा, ओलं फडकं औषध अडवत नाही, उलट नाकाशी धरून ठेवतं.” अण्णा म्हणाले, “मास्तर, उपरणं धुता येतंय.” यावर काय बोलणार?

त्यांची जमीन जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या अंगाला, माळाला लागून. काळी, कसदार. पिकं सोयाबीन, तूर, रब्बीला ज्वारी-हरभरा. पीक भरात आलं की माळावरून रानडुकरं उतरतात. डुक्कर खाऊन जातं ते थोडं, लोळून-उकरून नासतं ते जास्त. नातवाला आजोबाची दया आली आणि त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला एक गडी रानडुकराच्या शिकारीला निघालेला. हातात बंदुकीसारखा दस्ता, त्याच्या तोंडावर आडवं धनुष्य. दोरी मागं ताणून अडकवायची, बाण ठेवायचा, चाप ओढायचा. त्या दोरीला जोर एवढा, की अंगठा चुकून तिच्या वाटेत वर राहिला तर बाणाच्या आधी अंगठ्याचा निकाल लागतो. म्हणून अंगठा खालीच राहावा यासाठी बाजूला पंखासारखी पट्टी बसवतात. बाण न लावता चाप ओढला तर धनुष्यच फुटू शकतं, म्हणून बऱ्याच धनुष्यांत आत एक अडसर असतो. अंगठ्याची पट्टी काही धनुष्यांना जोडूनच येते, काहींना वेगळी घ्यावी लागते.

अण्णांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. शिकारीत त्यांना रस नव्हता. 1972 च्या कायद्यानं परवानगीशिवाय रानडुकराला मारलं तर आपणच आत जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक. रस होता तो पट्टीत.

“म्हंजे आंगठा वाचवायचे बी वेगळे पैसे?” त्यांचा चेहरा उजळला. “बघा मास्तर, अमेरिकेतबी ऑप्शनलच हाय. आमची गोफण घ्या. दोरी आन् दगड. तिला कुठं पट्टी व्हती?”

“मग कपाळावर तो वण कशाचा?” काकू आतून म्हणाल्या.

“तो माझ्या गोफणीचा नाय. भावाच्या गोफणीचा हाय.”

एका यंत्रापुढं मात्र हा सिद्धांत लागू पडत नाही. एका हंगामात भाड्याचं मळणी यंत्र आलं. पेंढ्या आत सारायचं त्याचं पत्र्याचं लांब तोंड मालकानं कापून आखूड केलं होतं. काम उरकतं म्हणे. तोंड लांब असलं की हात आतल्या दात्यांपर्यंत पोचत नाही. आखूड केलं की पेंढी पटकन जाते, आणि पेंढीमागं हातही. हे होऊ नये म्हणून देशात 1983 साली धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदाच झालेला आहे. अण्णांनी त्या कायद्याचं नावही ऐकलेलं नाही. त्यांनी यंत्र नुसतं बघितलं आणि म्हणाले, “वापस न्या.” आभाळ भरून आलेलं, सोयाबीनची गंजी उघडी, मालक पैसे कमी करायला तयार. अण्णा हलले नाहीत. दुसरं यंत्र तिसऱ्या दिवशी मिळालं, तोवर गंजीचा एक थर भिजून काळा पडला. त्या दिवशी मळणीला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला त्यांनी बाह्या वर करायला लावल्या, एकाचा गळ्यातला रुमाल स्वतः ओढून काढला. अण्णांचे चुलते डाव्या हातानं जेवायचे. लहानपणी अण्णा त्यांच्यासोबत खळ्यावर होते, एवढं मला काकूंकडून कळलं. अण्णा त्यावर बोलत नाहीत. माझा आपला अंदाज असा, की अपघात डोळ्यांनी बघितला असेल तर ती वस्तू अण्णांच्या लेखी यंत्राचाच भाग असते. ऐकीव असेल तर ऑप्शनल. त्या हिशोबानं हेल्मेटचं काय होणार, याचा मी फार विचार करत नाही.

रानडुकरांवर शेवटी झटका मशीन घ्यायचं ठरलं. शेजारच्या एका तरण्या पोरानं त्याआधी सुचवलं होतं, “कशाला एवढा खर्च? खांबावर आकडा टाका, तारेत लाइन सोडा.” अण्णा उभ्याउभ्या त्याच्यावर ओरडले. “ते कुंपण नव्हं, फास हाय! रात्री पाणी द्यायला तूच जाशील आन् तूच चिकटशील.” खरंच आहे. घरच्या लाइटीचा सलग करंट हाताची मूठ सोडू देत नाही. आपल्याच तारेला चिकटून शेतकरी गेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात, दुसरा कुणी गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा वेगळा. झटका मशीनचं तंत्र निराळं. सोलर पॅनेलवर बॅटरी चार्ज होते, आणि डबा साधारण सेकंदाला एक ठोका तारेत सोडतो. व्होल्टेज काही हजारांत, पण इतक्या क्षणभराचं की जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. मधल्या वेळात हात सुटतो.

दुकानात खोकं उघडलं. विजेपासून डबा वाचवणारा अरेस्टर अण्णांनी न बोलता घेतला, कारण त्यांच्या आंब्यावर वीज पडलेली त्यांनी बघितली होती. अर्थिंगचे तीन रॉड होते, त्यांतले दोन डावीकडं सरकले. दुकानदारानं विनवून सांगितलं, की काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, कोरड्या मातीत अर्थिंग धरत नाही, मग झटका मिळमिळीत बसतो. अण्णा म्हणाले, “एकच देव मन लावून पुजावा.” आता रोज संध्याकाळी ते त्या एका रॉडला घागरभर पाणी घालतात. सुनेचं म्हणणं, एवढं तुळशीला घातलं असतं तर वन झालं असतं.

घोडं अडलं ते पाट्यांवर. ‘सावधान! झटका कुंपण’ अशी पिवळी पत्र्याची पाटी, चार बाजूंना चार. अण्णांनी एकच घेतली. ज्या बाजूला गावातली ढोरं चरायला जातील त्या बाजूला ते रोज पाटी हलवायचे. पोरांनी आठ दिवसांत ओळखलं, की पाटी जिकडं, अण्णा तिकडं. मग ती उलट्या बाजूनं शिरून हरभऱ्याचे घाटे ओरबाडू लागली. दिवसा मशीन बंद असतं हेही त्यांनी शोधून काढलेलं. अण्णांनी नाइलाजानं उरलेल्या तीन पाट्या आणल्या आणि पावती घेऊन शेजाऱ्यांकडं गेले. “पाटीचं तोंड तुमच्याकडं हाय. वाचणार तुमी. जीव तुमचा. मग पैसे माझे कसे?” पूर्वेच्या शेजाऱ्यानं कटकट नको म्हणून दिले. दक्षिणेच्यानं निम्मे दिले, आपल्याकडचे निम्मे लोक निरक्षर आहेत म्हणाला. रस्त्याकडच्या पाटीसाठी अण्णा ग्रामपंचायतीत जाऊन बसले आहेत, तिथं विषय पुढच्या ग्रामसभेवर गेलाय.

राहिली चौथी, माळाकडची. काल अण्णा कागद घेऊन माझ्याकडं आले. वनखात्याला अर्ज लिहायचा होता. पिकाची नासाडी झाली की खातं पंचनामा करून भरपाई देतं. मग त्याच जनावरांसाठी लावलेल्या पाटीचे पैसे का देऊ नयेत, असा मुद्दा. मी पेन खाली ठेवलं. “अण्णा, रानडुकरांना वाचता येत नाही.”

“तुमच्या शाळेतली पोरं तरी कुठं वाचत्यात? तरी भिंती भरल्याच नव्हं तुमी सुविचारांनी? लिवा.”