माईंचा जावई घोडे पाळणार म्हणे!

"ऐकलंत का? मागच्या गल्लीतल्या माईंचा पुण्याचा जावई नोकरी सोडून घोडे पाळणार आहे म्हणे!" कपडे वाळत घालता घालता काकूंनी मेंदीच्या कुंपणावरून बातमी टाकली. शहाद्यात सकाळची बातमी दुपारपर्यंत बसस्थानकावर पोचते, म्हणून मीही हातातला झारा खाली ठेवला.

काकूंचा या विषयात अधिकार मोठा. त्यांच्या सासऱ्यांच्या दारात वरातीच्या घोड्या असायच्या. दत्तजयंती आली की म्हातारबुवा तापीकाठी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेला जायचे आणि घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघत दिवस काढायचे.

"मग पुण्यालाच का नाही पाळत?" मी विचारलं.

"पुण्याचं गणित वेगळं, बाई. तिथं शर्यतीचा घोडा. पूनावालांचा स्टड फार्म १९४६ पासूनचा. हवा सौम्य, रेसकोर्स दाराशी, पैसेवालं गिऱ्हाईक गावातच. जावयाला हवेत मारवाडी नि काठेवाडी. ते उन्हात तगतात. त्यांचं गिऱ्हाईक सारंगखेड्याच्या जत्रेत येतं. ज्याचा बाजार जिथं, त्याचा तबेला त्याच्या आसपास."

"मग बरोबरच आलाय की इकडे!"

"जिल्हा बरोबर हो, पण बघतोय कुठं? तोरणमाळला! म्हणे, काय ते धुकं, काय तो देखावा. घोड्याला देखावा काय करायचाय? त्याला पायाखाली कोरडं लागतं. चार महिने ओल्यात उभा राहिला की खूर मऊ पडतात, सडतात, घाण वास सुटतो."

"नवापूर? रेल्वे आहे, गुजरात लागून आहे."

"तिकडेही पाऊस मुबलक. ओल आणि झाडी म्हटली की गोमाशी आली. ती चावते आणि घोड्याला सर्रा देऊन जाते. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो, नि घोडा हाडांवर येतो."

मग काकूंनी आवाज खाली आणला. म्हणजे आता खरी गोष्ट येणार.

"आणि एजंटनं त्याला धडगावकडची जमीन 'स्वस्तात बसवून देतो' म्हणून सांगितलंय. आता धडगावचा अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके अख्खे अनुसूचित क्षेत्र. शहादा-नंदुरबारचीही कितीतरी गावं त्यात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, तीही सरकारच्या पूर्वमान्यतेनं. साध्या कागदावर सह्या घेऊन 'व्यवहार झाला' म्हणणारे भेटतात. पैसे जातात, जमीन मूळ मालकाकडे परत जाते. आणि जायलाच हवी."

"जावई शेतकरी तरी आहे का?"

"तेच तर! सातबाऱ्यावर नाव नसेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आहेच. आधी वडिलांच्या गावचा उतारा शोध म्हणावं, मग घोडे."

"मग आपल्या शहाद्याकडेच बघू दे की."

"इथली जमीन काळी. ऊस, केळी, पपई पिकवणारी. भाव परवडायचा नाही, आणि परवडला तरी पावसाळ्यात या चिखलात घोडा रुतेल. तापीला अगदी चिकटूनही नको. वर हतनूर धरणाचं पाणी सोडलं की सारंगखेडा-प्रकाशाच्या बंधाऱ्यांचे दरवाजे उघडतात. तेव्हा नदीकाठचं शेत कुणाचं, ते नदी ठरवते."

"अहो, मग राहिलं काय?"

"राहिलं की! नंदुरबारच्या पूर्वेकडचा कोरडा पट्टा. मुरमाड, थोडी चढाची जमीन, पाणी वाहून जाणारी. फक्त विहिरीला मे महिन्यात पाणी असलं पाहिजे. एक घोडा दिवसाला ३०-४० लिटर पाणी सहज पितो, उन्हाळ्यात आणखी. सारंगखेडा तासाभराच्या अंतरावर असावं, पण शेजारी नको."

"का बरं? जत्रा जवळ असलेली बरीच ना?"

"जत्रेत राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, सगळीकडचे घोडे येतात. सोबत दुखणीही येतात. ग्लँडर्स निघाला तर घोडा मारावा लागतो, आणि आसपासची ने-आण बंद. नवीन जनावर आणलं की काही आठवडे वेगळं बांधायचं, रक्त तपासायचं. त्याला लांबचा गोठा हवा, म्हणजे जागाही तेवढी हवी."

"खायला-प्यायला तर आपल्याकडे काही कमी नाही."

"कमी नाही, पण बुरशी आलेला कडबा गाईनं खाल्ला तर एखाद्या वेळी निभावतं, घोड्याचं नाही. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटशूळ उठला की रात्रभर लोळतो. त्या रात्री दोन वाजता कोण येणार? म्हणून मी सांगते, जमीन बघताना आधी तीन माणसं बघावीत: घोडा जाणणारा डॉक्टर, नाल मारणारा आणि तबेल्यात झोपणारा गडी. ही तीन जिथं मिळतील तोच प्रदेश चांगला."

आतून कुकरची शिट्टी झाली, तशी काकू वळल्या. पण जाता जाता निकाल देऊनच गेल्या: "माईंना निरोप द्या. घोडा मार्गशीर्षात घ्यावा, पण जमीन बघायला आषाढात यावं, तेही पावसात. आणि इसाराचा रुपया देण्याआधी सातबारा तलाठ्याकडून पडताळून घ्यावा, एजंटच्या मोबाइलवर बघून नव्हे."