आकडा आधी

आमच्या कवठे महांकाळात भाव आधी सांगणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर अडलेला. जाणता माणूस आधी चहा मागवतो. मग म्हैसाळचं पाणी सुटलं का, बागेवर दावण्या आलाय का, धाकटीचं कुठं जमलं का, असं करत बोलणं नागज फाट्यापर्यंत जाऊन परत येतं. चपलेत पाय सरकवताना कुणीतरी सहज विचारल्यासारखं विचारतो, ‘मग काय म्हणतोय बेदाणा?’ खरा सौदा तिथून पुढं.

अशा संस्कारांत वाढलेल्या मला पुण्यातल्या एका कंपनीनं परचेस खात्यात घेतलं आणि बेदाणा खरेदीची स्ट्रॅटेजी वरिष्ठांपुढं इंग्रजीत मांडायला सांगितलं. तयारीसाठी एक प्रशिक्षकही नेमला. त्यांचा पहिला नियम : उत्तर आधी, कारणं मागाहून. हे शास्त्र बार्बरा मिंटो या बाईंचं. बाई १९६३ साली मॅकिन्झीत लागल्या आणि सल्लागारांना पिरॅमिडसारखं लिहायला शिकवून गेल्या : टोकावर निष्कर्ष, खाली त्याचे आधार. का, तर वरच्या माणसाला वेळ नसतो. आमच्याकडं ज्याला वेळ नाही, त्यानं खरेदीला येऊच नये असा दंडक आहे.

दुसरं दैवत पीटर क्राल्जिक. यांनी १९८३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत समस्त खरेदी चार चौकटींत बसवली. वस्तूमुळं नफ्यावर किती परिणाम होतो आणि ती मिळायची धास्ती किती, एवढंच बघायचं. झाडू-फडकी एका चौकटीत, खोकी दुसरीत. बेदाणा कुठं टाकावा म्हणून मी अण्णांना, म्हणजे चुलत्यांना, गाठलं.

अण्णा शेडवर होते. चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा पडतो. घड डिपिंगच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरले की पुढचे पंधरा-वीस दिवस शेतकरी आभाळाकडं बघत असतो. त्यात अवकाळी झाला तर हिरव्या मालाचा काळा व्हायला वेळ लागत नाही. अण्णांनी मूठभर माल घेतला, दाबला, मूठ उघडली. दाणे एकमेकांना धरून बसले.

‘वल्ला हाय अजून. दोन दिस थांबाय पायजे.’

एवढ्या कामाला माझ्या स्लाइडवर पाच रकान्यांचा तक्ता लागला. बेदाणा ‘स्ट्रॅटेजिक’ चौकटीत गेला. माल निघणार फेब्रुवारी ते एप्रिल, कंपनीला लागणार बारा महिने. तेव्हा हंगामातच उचलून कोल्ड स्टोअरेजला टाकावा आणि एकाच व्यापाऱ्यावर विसंबू नये, हे सार. प्रशिक्षकांनी ‘आय थिंक’ खोडून ‘वुई रेकमेंड’ केलं. ‘पाऊस पडला तर’ या माझ्या वाक्याचं ‘इन द इव्हेन्ट ऑफ अ‍ॅडव्हर्स वेदर’ झालं. त्यानं पाऊस थोडा लांब गेल्यासारखा वाटला, हे खरं.

मीटिंगच्या दिवशी पहिल्या स्लाइडवर, नियमाप्रमाणं, आकडा. ‘वुई रेकमेंड बायिंग सेव्हन्टी परसेन्ट ऑफ अवर अ‍ॅन्युअल रिक्वायरमेंट बाय एप्रिल,’ आणि खाली रक्कम. क्षणभर शांतता. तासगावच्या सौद्यात चांगला माल दिसला की व्यापारी मुद्दाम तोंड वाकडं करतो, तसं फायनान्सच्या साहेबांनी केलं. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

‘गुड. व्हेरी क्लियर,’ ते म्हणाले. ‘नाऊ डू इट इन टेन परसेन्ट लेस.’

क्राल्जिकसाहेब सहाव्या स्लाइडवर वाट बघत राहिले. ‘अ‍ॅडव्हर्स वेदर’पर्यंत तर कुणी पोचलंच नाही. वरच्या माणसाला वेळ नसतो हे प्रशिक्षकांचं म्हणणं अगदी बरोबर निघालं.

सुट्टीत गावी गेल्यावर हे सगळं अण्णांच्या कानावर घातलं. चहा झाला, पाऊसपाणी झालं, आणि उठता उठता ते म्हणाले, ‘आरं, आकडा आधी सांगाय सांगत्यात, तर सांग की. पर खरा कशाला सांगतूस?’

यंदाच्या प्रेझेन्टेशनमध्येही उत्तर पहिल्याच स्लाइडवर आहे. प्रशिक्षक खूश आहेत. त्यात अण्णांचे दहा टक्के धरलेत, हे त्यांना सांगायची गरज मला वाटली नाही.