वाघाला तीन शेपट्या

ताडोब्याहून परतलेल्या माणसाला ‘वाघ दिसला का?’ असं विचारू नये. ‘एडिट झाला का?’ असं विचारावं.

सध्याचं खूळ एचडीआर. आकाशातला ढगही हवा आणि झाडाखालचा अंधारही. त्यासाठी एकाच दृश्याचे तीन फोटो काढायचे: एक काळपट, एक बेताचा, एक पांढराफटक. मग संगणकावर तिघांची मोट बांधायची. लाइटरूम या सॉफ्टवेअरने तर २०१५ साली त्यासाठी आयती सोयच करून दिली.

अट एकच. तिन्ही फोटोंत समोरचं काही हलता कामा नये.

हे वाघाला कोण सांगणार?

मोहर्लीच्या रस्त्यावर वाघ चालतोय, बांबू डुलतोय, जिप्सीतले सहाही जण एकाच अंगाला कललेत. जोडणी झाल्यावर वाघाला तीन शेपट्या! घाबरू नका, भुतं उतरवायचं बटणही आहे. मांत्रिक निदान एकदाच कोंबडं घ्यायचा. हे सॉफ्टवेअरवाले दरमहा वर्गणी घेतात.

बहुतेकांना तेवढेही कष्ट नकोत. एकच रॉ फाइल घ्यायची, शॅडोज उजवीकडे, हायलाइट्स डावीकडे, क्लॅरिटी पार टोकाला. वाघाच्या मिशा भांडी घासायच्या तारेसारख्या. खाली ओळ: ‘नो एडिट’.

पण सावलीवर एवढा राग का? बांबूच्या बेटात पट्टेवाला चार हातांवर बसलेला असतो आणि दिसत नाही. त्यावर त्याचं पोट चालतं. तुम्ही त्याला सगळीकडून उजळून काढता, आणि वर स्वतःला वन्यजीवप्रेमी म्हणवता.

तंत्र वाईट नाही हो. जुनंही आहे. गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकातच समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी जोडून चित्रं छापली होती. आपल्याकडे या तंत्राची खरी जागा गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात, मार्कंड्याला. वैनगंगेच्या काठावर भर दुपारचं ऊन, आणि देवळात पाऊल टाकलं की मिट्ट काळोख. एका क्लिकमध्ये दोन्ही मावत नाहीत. दगडी मूर्ती हलत नाहीत, डुलत नाहीत, पाठ फिरवून निघूनही जात नाहीत. ट्रायपॉड लावा, सावकाश तीन फोटो घ्या.

पण गडचिरोलीच्या दगडाला लाइक कोण देणार?

महाशिवरात्रीच्या जत्रेत निघतात म्हणा तिथे फोटो. स्लायडर इतका ताणलेला, की शिखराभोवती पांढरी कडा उमटते. देवामागची प्रभावळ आता शिखरालाही!

चंद्रपूरकरांनी तर कमालच केली. २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, त्याच्या चिमण्या, त्यांचा धूर. सॅच्युरेशन वाढवलं की धुराचे झाले ढग, आकाश जांभळं, राख गायब. इतक्या वर्षांत जे कुणालाच जमलं नाही, ते एका बोटाने झालं. निधीही लागला नाही.

सगळ्यात मोठी फसगत मे महिन्यातली. साग उघडाबोडका, रस्त्यावर फुफाटा, पारा पंचेचाळिशीच्या पुढे. फोटोत मात्र थेट कोकण. तो बघून पुण्याचं एक कुटुंब कोलारा गेटवर उतरतं, टोप्या सावरतं आणि विचारतं, ‘ते हिरवंगार जंगल कुठल्या बाजूला?’

‘ते पावसाळ्यात, साहेब,’ गाईड सांगतो. ‘तवा कोअरचं गेट बंद राहते.’