गुणवंत शोधून सत्कार करणे

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला ‘एम-थ्री’, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, कोण शिकवतं? वेळापत्रकात प्राध्यापकांचं नाव असतं. पण परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलवर लाप्लास ट्रान्सफॉर्म समजावून निम्म्या वर्गाला केटीतून वाचवतो तो एखादा वर्गमित्रच. मानधन एक कटिंग चहा, तोही उधारीचा.

अशांचा सत्कार करायचं कॉलेजला सुचतं, ते कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची समिती यायच्या बेतात असताना. अटी सोप्या: शिकवतानाचे फोटो, शिकणाऱ्यांच्या सह्या, विभागप्रमुखांची शिफारस आणि स्वतःची 75 टक्के हजेरी. शेवटच्या अटीवर खरा उमेदवार बाद. रात्रभर शिकवणारा पोरगा सकाळच्या तासाला उठणार कसा? मग पुरस्कार फोटोवाल्याला. टाळ्या वाजवायला मात्र सगळ्यांनी यायचं. त्याचीही हजेरी लागणार आहे.